नाव कापलेला शिपाई

पलटणीतनं माणूस बाहेर पडला की इंग्रजी कागदात त्याला निरनिराळे शब्द आहेत. डिसमिस म्हणजे गुन्हा शाबीत, पेन्शन गेलं, अब्रू गेली. डिस्चार्ज म्हणजे सुटका: मुदत भरली म्हणून, तब्येत ढासळली म्हणून, नाहीतर स्वतःच मागितली म्हणून. आणि तिसरा शब्द रिडक्शन. सरकारला तेवढी माणसं नकोशी झाली, खर्च आवरायचा झाला, म्हणून कमी केलं. तिघांचाही पगार थांबतो. पण पहिल्याच्या माथी डाग आहे, दुसऱ्या-तिसऱ्याच्या नाही. आपल्या घराघरांत मात्र या तिघांना मिळून एकच शब्द उरलाय. नाव कापलं.

दोस्तांनो, या एका शब्दानं आपल्या किती म्हाताऱ्यांना खाली मान घालून मरायला लावलं, त्याचा हिशेब कुणी केला नाही. मी तो सगळा करू शकत नाही. मी कॉलेजात गेलेला माणूस नाही. भिवंडीला माग चालवतो, आठवड्याची सुट्टी मिळाली की वाचतो. पण एक कागद हाताला लागला आणि त्याच्या मागं मागं जाताना जे दिसलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

पवईला टेकडीच्या उताराला आमची वस्ती आहे. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला काचेच्या बिल्डिंगा. वस्तीत घरटी एक पत्र्याची पेटी, आणि पेटीत कागद. रेशनकार्ड, फोटोपास, लाईटबिल, मतदारयादीतल्या नावाची नक्कल. आधी १ जानेवारी १९९५ च्या मागचा पुरावा मागितला, नंतर १ जानेवारी २००० च्या मागचा. कागद नसला की माणूस रस्त्यावर, हे आमच्या पोरांना शाळेत शिकवावं लागत नाही. अशाच एका पेटीत फोटोपासच्या खाली मेणकापडात गुंडाळलेला कागद निघाला. शेजारच्या आबांच्या पेटीत. आबा दापोलीकडचे, पंच्याहत्तरी ओलांडलेले. कागद त्यांच्या आज्याचा.

आबा म्हणाले, "आमच्या आज्याचं पलटणीतनं नाव कापलं व्हतं." मग आवाज खाली घेऊन, "काय केलं व्हतं कुणास ठाव."

शंभर वर्षं त्या घरात हा प्रश्न पुरून ठेवलेला. गावात भांडण झालं की पलीकडनं एकच टोमणा यायचा, पळपुट्याची अवलाद. आबांच्या बापानं कागद कुणाला वाचायला दिला नाही. द्यायचा कुणाला? इंग्रजी वाचणारा गावात एकच, तो खोताच्या पदरचा. आणि कागदात खरंच काही वाईट लिहिलेलं असलं तर? त्यापेक्षा न वाचलेला बरा.

मी इंग्रजी शिकलो ते डिक्शनरी घेऊन, रातपाळीच्या चहाच्या सुट्टीत. आबांचा कागद वाचायला मला दोन रविवार लागले. छापील चौकटी, त्यात हातानं भरलेलं, शाई तांबूस पडलेली. नंबर. नाव. जात, तिथं महार. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. भरती कधी झाला, नोकरी किती झाली. सोडण्याचं कारण, तिथं शब्द होता रिडक्शन. त्याच्याखाली चालचलन, आणि तिथं लिहिलेलं गुड.

हा रिडक्शन शब्द डिक्शनरीत बघितला तर अर्थ निघाला 'घट'. त्यानं काही उलगडा होईना. उलगडा झाला तो धंद्यातल्या अक्कलेनं. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून दोन शब्द वेगवेगळे ऐकलेत. एक 'काढून टाकला' आणि दुसरा 'कमी केला'. जॉबरशी मारामारी केली, माल चोरला, त्याला काढून टाकला. खातंच बंद झालं, पाळी मोडली, त्याला कमी केला. मस्टरवर दोघांच्याही नावावर रेघ सारखीच मारतात, पण युनियनमध्ये दोघांची केस एक नसते. चाळीतल्या बायका मात्र दोघांच्याही घराकडं बघून तेच बोलायच्या, "त्याला काढलं." आबांच्या आज्याचं नेमकं हेच झालं होतं. त्याला कुणी काढला नव्हता. त्याचं खातं बंद झालं होतं.

ते खातं म्हणजे १११ महार पलटण. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा इंग्रजाला पंचवीस वर्षांनी महारांची आठवण झाली. १९१७ साली ही पलटण उभी केली. लढाई संपली. १९२० साली ती ७१ पंजाबी पलटणीत मिसळली आणि १९२१ साली मोडली. चार वर्षं, संपलं. लढाईनंतर दुसऱ्याही पुष्कळ पलटणी मोडल्या, हे मी लपवत नाही. फरक एवढाच की मराठ्याची एक पलटण मोडली तर त्याला उभं राहायला दुसरी मराठा पलटण होती. पंजाब्याला होती, गुरख्याला होती. महाराची एकच, आणि ती मोडल्यावर त्याला गावाकडची वाट. गावात काय तर येसकराची काठी आणि वतनाची भाकर. काल कवायतीच्या मैदानात बंदूक घेऊन उभा राहिलेला माणूस आज पाटलाच्या दारात सांगावा घेऊन उभा. लोकांनी विचारलं, का रे परत आलास? त्यानं काय सांगावं? रिडक्शन?

आता या कागदाच्या पलीकडं त्या माणसाचं काही मिळतं का, ते हुडकायला लागलो. इथं इतिहासाचा खरा कारखाना कसा चालतो ते कळलं. कंपनीच्या पलटणीत विलायतेहून जो साधा गोरा सोल्जर आला, त्याचं सगळं लिहून ठेवलंय. कुठल्या परगण्यातला, आधी धंदा कुठला करायचा, कुठल्या जहाजानं आला, कधी मेला. त्या वह्या लंडनला आजही आहेत, त्याचे वारस जाऊन बघतात. काळ्या शिपायाची नोंद त्याच्या पलटणीत राहिली आणि पलटणीबरोबर गेली. देशी अंमलदार असला, म्हणजे सुभेदार-जमादार, तर त्याचं नाव छापील आर्मी लिस्टमध्ये सापडतं, हुद्दा मिळाल्याच्या तारखेसकट. साधा शिपाई तिथं नसतो. म्हणजे आपल्यातला जो वर चढला त्याचा इतिहास लिहिता येतो आणि ज्यानं नुसती बंदूक वाहिली तो हिशेबात आकडा म्हणून उरतो.

पंजाबात जरा वेगळं झालं. लढाई संपल्यावर १९१९ च्या सुमाराला तिथल्या सरकारनं गावोगावच्या भरतीची रजिस्टरं लिहून काढली. सव्वीस हजार पानं, सुमारे ३ लाख २० हजार माणसं. शंभर वर्षं ती लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती. २०२१ साली त्यातली काही जिल्ह्यांची कॉम्प्युटरवर लोकांना खुली झाली, आणि विलायतेत टॅक्सी चालवणारी पोरं आपल्या पणज्याचं नाव त्यात हुडकायला लागली. आपल्याकडं काय आहे? महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत चावडीवर नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसेल. या गावातून महायुद्धाला इतकी माणसं गेली, पैकी इतकी कामी आली. दोन आकडे. नाव एकाचंही नाही. त्या आकड्यात महारवाड्यातले किती, हे पाटीला विचारून कळणार नाही, कारण दगड काही बोलत नाही आणि पाटी चावडीच्या भिंतीला असली तर महारवाड्यातल्या माणसाला तिथवर जायलाच कितीतरी वर्षं बंदी.

जे लढाईत मेले त्यांची नावं युद्धकबरींचं काम बघणाऱ्या कॉमनवेल्थच्या कमिशनकडं मिळतात, बापाचं नाव आणि गावासकट. पण तिथंही माप सारखं नव्हतं. २०२१ साली त्या कमिशनच्याच चौकशी समितीनं कबूल केलं की आफ्रिकेतल्या, हिंदुस्थानातल्या आणि आजूबाजूच्या मुलखातल्या ४५ ते ५४ हजार मेलेल्या माणसांची आठवण गोऱ्यांच्या बरोबरीनं ठेवली गेली नाही. निदान १ लाख १६ हजारांची नावानिशी ठेवली गेली नाही, नाहीतर अजिबातच नाही. मेल्यावर जर ही गत, तर जिवंत परत आलेल्याची फाईल कोण जपणार!

नावाचीच एक गंमत सांगतो, जुने कागद बघणाऱ्याला उपयोगी पडेल. जुना महार शिपाई स्वतःच्या नावापुढं 'नाक' लावायचा. इंग्रज कारकून त्याचं स्पेलिंग शेवटी के च्या जागी सी घालून करायचा. यादी कितीही मोठी असो, ते शेपूट दिसलं की आपला माणूस सापडला. भीमा कोरेगावच्या खांबावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडनं पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत, त्यातली २२ अशीच ओळखता येतात. कुणी आपल्याला यादी करून दिली नव्हती. नावाच्या शेपटानं दिली.

आता कुणी विचारील, ज्याच्यावर खराच गुन्हा शाबीत झाला त्या शिपायाचं काय? त्याचंही उदाहरण मुंबईतलंच आहे.

१८५७ साली उत्तरेत बंड पेटलं तेव्हा मुंबईच्या पोलिसांचा कारभार चार्लस फोर्जेट या साहेबाकडं होता. हा हिंदुस्थानातच वाढलेला, इथल्या भाषा सफाईनं बोलणारा. वेष बदलून हिंडायचा, भिंतीला भोक पाडून ऐकायचा. सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरात शिपायांची खलबतं चालतात हा सुगावा त्याला लागला. त्यानं पलटणीच्या गोऱ्या अंमलदाराला सोबत नेऊन ते कानांनी ऐकवलं. दिवाळीत उठाव करायचा बेत होता असा आरोप. कोर्टमार्शल बसलं. १५ ऑक्टोबर १८५७ ला एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, सय्यद हुसेन हा ड्रिल हवालदार आणि मंगल गाडिया हा शिपाई, दोघांना तोफेच्या तोंडी बांधून उडवलं. इतर शिपायांना रांगेत उभं करून ते बघायला लावलं.

मंगलची माहिती आपल्याला कुणाकडनं मिळते? एक फोर्जेटकडनं, ज्यानं त्याला पकडलं. वीसेक वर्षांनी त्यानं पुस्तक लिहिलं, स्वतःच्या हुशारीचं. दुसरी दिनशा वाच्छांकडनं. ते तेव्हा तेरा वर्षांचे शाळकरी पोर होते, त्यांनी ते मरण डोळ्यांनी बघितलं आणि म्हातारपणी मुंबईच्या आठवणींत लिहिलं. एक पोलीस आणि एक शाळकरी पोर. मंगलचा स्वतःचा एक शब्द नाही. त्याचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदात दरवेळी वेगळ्या स्पेलिंगनं येतं. ज्याच्या देहाच्या चिंधड्या केल्या त्याचं नाव तरी धड लिहावं, एवढीही कुणाला गरज वाटली नाही.

तरी एक गोष्ट ध्यानात घ्या. मंगलच्या नावापुढं आरोप आहे. खरा असो खोटा असो, पण आहे. कोर्ट बसलं, तारीख आहे, शिक्षा आहे. इंग्रजानं ज्याला शत्रू मानलं त्याच्यावर कागद खर्च केला. म्हणून आज दीडशे वर्षांनी त्याला हुतात्मा म्हणता येतं. डाग धुवायला निदान डाग कुठं लागला ते माहीत आहे.

आपल्या लोकांच्या बाबतीत उलटं झालं. मुंबईच्या फौजेत महार कंपनीच्या काळापासून होते. हा देश कंपनीला जिंकून देणाऱ्या फौजेत अस्पृश्य होते, हे बाबासाहेबांनी इंग्रजाला त्याच्या तोंडावर सुनावलंय. शिपायाच्या पोरांना, पोरींनासुद्धा, पलटणीत शिकणं सक्तीचं होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते, सुभेदार होते, आजोबा मालोजीही फौजेतले. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्याच्या दोन-तीन पिढ्या या पलटणीच्या शाळेनं शहाण्या केल्या.

आणि १८९२-९३ ला ही भरती बंद केली.

का? जनरल रॉबर्ट्स हा त्या काळचा सरसेनापती. त्याच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ होतं. उत्तरेतला तो मर्द, दक्षिणेतला तो मऊ. त्याच सुमाराला पलटणी जातवार बांधायला काढल्या. एका पलटणीत चार जाती शेजारी झोपायच्या, आता प्रत्येकाची जात वेगळी काढायची. मग महार सुभेदाराच्या हाताखाली वरच्या जातीचा शिपाई सलाम कसा ठोकणार, हा प्रश्न निघाला. तो सोडवायची साहेबाची युक्ती बघा. सलाम न ठोकणाऱ्याला शिस्त लावायची सोडून सुभेदारालाच बंद केला.

गिरणीवाल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. महाराचं उष्टं दुसरा कसा तोंडाला लावील? साचेखात्यात पगार जास्त. म्हणून आपला माणूस रिंगखात्यात, कमी पगारावर, जन्मभर. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला तेव्हा लालबावट्यावाल्यांनाही घाम फुटला होता. माझ्या पणज्याला साच्याला हात लावता आला नाही. आज मी माग चालवतो. आता कांडी तोंडानं ओढायची नसते, आणि मुंबईत साचेखातीही राहिली नाहीत.

तर १८९२ ला कुणावर आरोप ठेवला नाही. कोर्टमार्शल नाही, चौकशी नाही, सुनावणी नाही. सगळी जातच्या जात बडतर्फ, आणि एकाच्याही फाईलमध्ये गुन्हा नाही. अशा शिपायानं नातवाला काय दाखवावं? चोरी केली म्हणून काढला असता तर चोरी केली नाही असं सिद्ध तरी करता आलं असतं. त्याच सुमाराला, १८९१ मध्ये, आमच्या पवईचा तलाव बांधून झाला, मुंबईला पाणी पाजायला. त्याची नोंद सापडते. धरणाची उंची, खर्च, इंजिनियर, सगळं. जातीच्या जाती घरी बसवल्या त्या सालात, त्याचा खर्च कुठल्या वहीत लिहिला?

इंग्रजाच्या वहीत लिहिला नाही. म्हणून आपल्या माणसांनी स्वतःची वही काढली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात वाचण्यासारखे कागद हेच, साहेबांचे नव्हेत.

पहिला कागद गोपाळबाबा वलंगकरांचा. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ ला पलटणीतून पेन्शनीत निघाले आणि दापोलीला राहिले. दापोली म्हणजे पेन्शनर शिपायांचं गाव, रामजी सुभेदारही पुढं काही दिवस तिथंच होते. वलंगकरांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली, पेपरात लिहिलं, भटजींना प्रश्न विचारले. भरती बंद झाल्यावर १८९४ ला त्यांनी सरकारकडं अर्ज केला. त्यात त्यांनी म्हटलं की आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी नको ते खाल्लं म्हणून खाली ढकलले गेलो. हे आज वाचताना कानाला खटकतं. आपण क्षत्रिय होतो म्हणून आपल्याला माणूस म्हणा, हा बचाव बाबासाहेबांच्या शाळेत पास होणार नाही. वलंगकरांना हसू नका तरीसुद्धा. समोरचा साहेब जात बघूनच भरती करत होता. त्याच्या दारात जाताना म्हाताऱ्यानं त्याचंच नाणं खिशात घातलं. पुढच्या वर्षी सरकारनं त्याच वलंगकरांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं आणि शेजारी बसायचं म्हणून सवर्ण मेंबरांच्या पोटात गोळा आला. बंदूक नाही दिली, खुर्ची दिली, तर ती खुर्चीसुद्धा विटाळली!

दुसरा कागद पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांचा. स्वतः शिकलेला माणूस, १९०८ पासून 'सोमवंशीय मित्र' नावाचं मासिक चालवलं. म्हणजे हे आपलं अंक काढायचं वेड काही नवं नाही. कांबळ्यांनी १९१० ला दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे थेट विलायतेत, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रूकडं अर्ज धाडला. मागणं काय होतं? मोठं राजकारण नव्हे. सरकारी नोकरीच्या तळच्या जागा, पोलिसात शिपाई, आणि पलटणीत शिपाई. यात वलंगकरांपेक्षा सूर वेगळा लागलाय. आम्ही कोण होतो यापेक्षा आम्ही काय केलं आणि तुमच्या राज्यात सगळी रयत सारखी म्हणता ते खरं की खोटं, असा सवाल आहे. उत्तर सात वर्षांनी आलं, ते अर्जाला नव्हे, जर्मनच्या तोफांना. १९१७ ची पलटण म्हणजे ते उत्तर. आणि आबांचा आजा तिच्यात भरती झाला.

याच कांबळ्यांच्या पुढाकारानं १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या खांबापाशी गेले. १९२१ ला पलटण मोडून सहा वर्षंच झाली होती. पेन्शनर आणि नाव कापलेले शिपाई अजून जिवंत होते, चाळिशीत, तिशीत. पुढच्या अडीच महिन्यांत महाडची परिषद झाली, २० मार्चला चवदार तळ्यावर लोक गेले. त्या भागातले जुने शिपाई त्यात होते. रांगेत कसं चालायचं, मार पडला तरी पांगायचं नाही, हे त्यांना नव्यानं शिकवावं लागलं नाही. सरकारनं घरी धाडलेली कवायत तळ्याच्या काठावर कामाला आली.

इंग्रजाचा पुळका मला नाही. तो आपला मामा नव्हता. गरज लागली की शिटी मारायची आणि काम झालं की हाकलायचं, हेच त्यानं केलं. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा शिटी मारली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. तो पुढं काढून त्या जागी खंजीर आला. ही रेजिमेंट मात्र मोडली नाही, आजही आहे, आणि आता तिच्यात सगळ्या जातींची पोरं भरती होतात. जातीच्या नावाची पलटण आपल्याला हवी का, हा वेगळा वाद आहे. तो एकदा अंकात व्हावा असं मला वाटतं.

आबांना मी कागदाचा अर्थ सांगितला. चालचलन गुड, कारण रिडक्शन, पलटण मोडली, सगळ्यांनाच घरी धाडलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी समद्यांचंच कापलं?" मी म्हटलं, समद्यांचंच. त्यांना याचा आनंद झाला नाही. बापाला हे कळायला पायजे होतं, एवढंच बोलले. लहान असताना शाळेत पळपुट्या म्हणून चिडवणाऱ्या पोराचं डोकं फोडलं होतं म्हणून बापाकडनं मार खाल्लेला त्यांना आठवला. बापानं मारलं ते पोर खोटं बोलत नाही असं समजून.

आता कामाचं. तुमच्या घरी, गावाकडं, आत्याच्या घरी, जुन्या पेट्या उघडा. इंग्रजी छापील चौकटींचा पिवळा कागद दिसला तर आधी 'कारण' आणि 'चालचलन' या चौकटी बघा, आणि तिथं लिहिलेला शब्द आहे तसा उतरवून घ्या, अर्थ नंतर लावू. चांदीचं मेडल असलं तर त्याची कड भिंगाखाली धरा. पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेलेल्या शिपायाला मिळालेल्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. लढाऊ शिपायाला चांदीचं, मजूर म्हणून गेलेल्यांना ब्राँझचं. ब्राँझचं मिळालं तर लाजू नका, उलट जास्त जपा, त्यांच्याबद्दल तर कुणीच लिहिलेलं नाही. एका घरात १९७२ च्या दुष्काळात मेडल सोनाराकडं गेलं. अडीच तोळ्यांच्या वर चांदी होती, तेवढ्याची ज्वारी आली. पोरं जगली, आज्याचा नंबर वितळला. त्यांना कोण नावं ठेवणार?

मेडल घासू नका, अक्षरं जातात. कागदाला टेप लावू नका. म्हातारं माणूस सांगत असेल तर मध्ये बोलू नका, पलटणीचं नाव त्याच्या तोंडून कसं येतं तसंच लिहा, 'एकशेअकरा' म्हणो की 'माहार पल्टन'. नक्कल काढून अंकाच्या पत्त्यावर धाडा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.